विमानतळाच्या नावामागचा माणूस : नॉर्मन मिनेटा



बे एरियात राहणारे आपले श्रोते वर्षातून चार-पाचदा तरी सॅन होजेच्या विमानतळावर जातात. कुणी सिॲटलला कामासाठी, कुणी लॉस एंजेलिसला लेकीकडे. तिथल्या पाटीवर एक लांबलचक नाव आहे : नॉर्मन वाय. मिनेटा सॅन होजे आंतरराष्ट्रीय विमानतळ. आपण ते पूर्ण कधी उच्चारत नाही. आपल्या लेखी ते नुसतं ‘सॅन होजे एअरपोर्ट’.

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन तिकडे चालले होते. पाटी वाचून त्याने विचारलं, “मावशी, मिनेटा कोण?” मी म्हटलं, “मंत्री होते, वाहतूक खात्याचे.” “मग त्यांनी केलं काय?” आता आली पंचाईत. पार्किंग शोधता शोधता दोन वाक्यांत सांगण्यासारखं उत्तर नव्हतं ते. म्हणून आजचा भाग. भाचा दहा वर्षांचा आहे आणि मिनेटांची गोष्टही त्यांच्या दहाव्या वर्षापासूनच सांगावी लागते.

नॉर्मन योशिओ मिनेटा यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९३१चा, सॅन होजेतलाच. वडील कुनिसाकू किशोरवयात एकटेच जपानहून आलेले. शेतात राबून त्यांनी पुढे विम्याचा व्यवसाय उभा केला. घर सॅन होजेच्या जपानटाउनमध्ये. मात्र आईवडिलांना अमेरिकेचं नागरिक होण्याची सोय नव्हती. कितीही वर्षं राहा, कर भरा, मुलं वाढवा, आशियातून आलेल्या माणसाला कायद्याने नागरिकत्व मिळत नव्हतं. जपानी लोकांसाठी तो दरवाजा उघडला १९५२मध्ये. कॅलिफोर्नियाचा १९१३चा जमीनकायदाही अशाच लोकांसाठी होता : ज्यांना नागरिक होता येत नाही, त्यांनी शेतजमीन घ्यायची नाही. मिनेटांचं राहतं घरसुद्धा सुरुवातीला एका ओळखीच्या वकिलाच्या नावावर होतं.

हे फक्त जपान्यांपुरतं नव्हतं, आपल्यालाही लागू होतं. १९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, सबब त्याला नागरिक होता येणार नाही. त्यानंतर आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वं काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. थिंड यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. सरकार त्यांच्याही मागे लागलं. ते कोर्टात लढले आणि १९२६मध्ये अपील न्यायालयात जिंकले. बाकीच्या बहुतेकांना तेवढं बळ नव्हतं. आपल्यासाठी नागरिकत्व खुलं झालं १९४६मध्ये आणि तेव्हा देशात यायची परवानगी होती वर्षाला १०० जणांना.

तर मिनेटांच्या घरात आईवडील ‘परके’ आणि इथे जन्मलेली मुलं ‘नागरिक’. हे चित्र आपल्यातल्या पुष्कळ घरांत आजही आहे. आई एच-फोरवर, बाबा एच-वन-बीवर, मुलांकडे निळा पासपोर्ट.

७ डिसेंबर १९४१, रविवार. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच दिवशी शेजारच्या एका जपानी गृहस्थांना एफबीआयने उचलून नेलं. मिनेटांच्या वडिलांनी मुलांना जवळ बोलावलं. आम्हा दोघांचं काय होईल ते ठाऊक नाही, असं त्यांनी सांगितलं, पण तुम्ही नागरिक आहात, तुम्हाला या घरातच ठेवता यावं म्हणून मी शक्य ते सगळं करीन. वडिलांच्या डोळ्यांत पाणी नॉर्मनने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वडिलांचा भरवसा चुकीचा ठरला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले साधारण दोन तृतीयांश इथेच जन्मलेले नागरिक होते. भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर सूचना लागल्या : जपानी वंशाचे सर्व लोक, ‘एलियन’ आणि ‘नॉन-एलियन’.

या ‘नॉन-एलियन’ शब्दापाशी जरा थांबा. ‘एलियन’ म्हणजे परदेशी. मग जो परदेशी नाही तो कोण? नागरिक! पण ‘नागरिकांनी हजर व्हावं’ असं लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, नागरिकांना का पकडताय? म्हणून नवा शब्द शोधला. मिनेटा आयुष्यभर ही गोष्ट सांगत. माझ्याच सरकारने मला नागरिक म्हणायचं टाळलं, म्हणून मला ‘नागरिक’ हा शब्द इतका मोलाचा वाटतो, असं ते म्हणत.

मे १९४२च्या अखेरीस कुटुंब सॅन होजेहून आगगाडीत चढलं. दहा वर्षांच्या नॉर्मनने कब स्काउटचा गणवेश घातला होता, सोबत बेसबॉलचा हातमोजा आणि बॅट होती. गाडीत चढताना लष्करी पोलिसाने बॅट काढून घेतली. कारण काय, तर ती हत्यार म्हणून वापरता येईल. गाडी सुटताना वडील पुन्हा रडले. आपलं लाडकं गाव आता पुन्हा दिसणार नाही असं त्यांना वाटलं, हे त्यांनी पत्रात लिहून ठेवलं होतं. ते पत्र पुढे फार मोठ्या ठिकाणी वाचलं जाणार होतं.

पहिला मुक्काम लॉस एंजेलिसजवळच्या सँटा अनिता रेसकोर्सवर. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात माणसं ठेवली होती. नंतर वायोमिंगमधली हार्ट माउंटन छावणी. लाकूड आणि डांबरी कागदाच्या बराकी, भोवती काटेरी तार, मनोऱ्यांवर पहारेकरी आणि कॅलिफोर्नियाच्या माणसांनी कधी अनुभवली नव्हती अशी थंडी.

छावणीत मुलांचं स्काउट पथक होतं. त्यांच्या स्काउटमास्तरांनी आसपासच्या गावांतल्या पथकांना बोलावणं धाडलं. कोडी या गावचं पथक आलं आणि त्यात ॲलन सिम्पसन नावाचा एक गोरा मुलगा होता. नॉर्मन आणि ॲलन यांना मिळून एक तंबू उभारायला दिला. पाऊस पडेल म्हणून भोवती चर खणायचा होता. ॲलनने चराला अशी वाट काढून दिली की पाणी खालच्या तंबूत जावं, कारण त्या तंबूत त्याच्या पथकातला एक दांडगट मुलगा होता. पाऊस आला, तो तंबू कोसळला आणि हे दोघे हसून हसून बेजार! पुढे सिम्पसन वायोमिंगचे रिपब्लिकन सिनेटर झाले आणि मिनेटा कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट काँग्रेस सदस्य. मैत्री शेवटपर्यंत टिकली. पुढाऱ्यांच्या मैत्रीच्या बऱ्याच कथा सभेत टाळ्या घेण्यासाठी सांगितल्या जातात. ही तशी नाही, कारण ती पुढे एका कायद्याच्या कामी आली.

(छोटं संगीत)

मधली वर्षं भरभर सांगते. युद्ध संपल्यावर कुटुंब सॅन होजेला परतलं. नॉर्मन बर्कलीतून १९५३मध्ये पदवीधर झाले, लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात जपान आणि कोरियात राहिले, मग वडिलांच्या विमा कचेरीत बसले. १९६७मध्ये सॅन होजेच्या नगर परिषदेवर नेमणूक झाली, १९७१मध्ये महापौर झाले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या मोठ्या शहराचा पहिला आशियाई वंशाचा महापौर. १९७४ला काँग्रेसवर निवडून आले आणि वीस वर्षं तिथे राहिले. रस्ते, रेल्वे, विमानं हा त्यांचा विषय. १९९१च्या मोठ्या वाहतूक कायद्यात त्यांचा हात होता. महामार्ग की रेल्वे, पैसा कुठे घालायचा, यात स्थानिक मंडळांना जास्त अधिकार त्या कायद्याने दिले. हे काम रुक्ष असतं, वर्तमानपत्रात येत नाही. मात्र त्यांना पुढे मंत्रिपद मिळालं ते याच जोरावर. नुसती करुण कहाणी असून कुणी वाहतूकमंत्री करत नाही.

पण वीस वर्षांतलं मोठं काम दुसरंच. छावण्यांबद्दल सरकारने माफी मागावी आणि भरपाई द्यावी, ही मागणी जपानी समाजातून १९७०च्या दशकात जोर धरू लागली. ती सोपी नव्हती. कितीतरी आईवडिलांनी मुलांना छावणीचं नावही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. आपण काही केलं नाही हे पक्कं ठाऊक असूनही लाज वाटायची! १९८०मध्ये काँग्रेसने चौकशी आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष स्पष्ट होता : छावण्यांना लष्करी गरजेचा आधार नव्हता. त्यामागे वंशद्वेष होता, युद्धाने चढलेला उन्माद होता आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश होतं.

त्यावरून विधेयक आलं. क्रमांक मुद्दाम ४४२ घेतला, कारण ४४२वी रेजिमेंट ही जपानी अमेरिकन सैनिकांची. ज्यांचे आईवडील तारेच्या कुंपणात होते, असे कित्येक जण त्या रेजिमेंटमधून युरोपात लढले. १७ सप्टेंबर १९८७ला, म्हणजे राज्यघटनेवर सह्या झाल्या त्याच्या २००व्या वर्षदिनी, ते प्रतिनिधीगृहात मतदानाला आलं. मिनेटांनी सभागृहात वडिलांचं पत्र वाचलं. आगगाडीतल्या अश्रूंचं ते पत्र. विधेयक २४३ विरुद्ध १४१ मतांनी मंजूर झालं. सिनेटमध्ये ॲलन सिम्पसन पाठीशी होते. १० ऑगस्ट १९८८ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली : सरकारची जाहीर माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर. तोवर घरंदारं, दुकानं, शेतं गमावलेली पहिली पिढी बरीचशी निघून गेली होती.

आणि त्या बॅटचं काय झालं? भाच्याने हेच विचारलं. काँग्रेसमध्ये असताना एका माणसाने ही गोष्ट ऐकून मिनेटांना बेसबॉलमधल्या एका थोर खेळाडूची बॅट भेट पाठवली. पण तिची किंमत लोकप्रतिनिधींना घेता येणाऱ्या भेटीच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली. परत करावी लागली. सरकारने माझी बॅट पुन्हा एकदा काढून घेतली, असं ते हसत सांगायचे.

जुलै २०००मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना वाणिज्यमंत्री केलं. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातला हा पहिला आशियाई वंशाचा मंत्री. सहा महिन्यांनी सरकार बदललं आणि नवे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यांनाच वाहतूकमंत्री म्हणून घेतलं. त्या मंत्रिमंडळात डेमोक्रॅट ते एकटेच.

मग ११ सप्टेंबर २००१. सकाळी बेल्जियमच्या वाहतूकमंत्र्यांबरोबर न्याहारीची बैठक चालू असताना बातमी आली. थोड्या वेळात मिनेटा व्हाइट हाउसखालच्या तळघरात, उपराष्ट्राध्यक्ष चेनींच्या बरोबर होते. आकाशातली सगळी विमानं उतरवायचा हुकूम झाला. तो मिनेटांनी दिला असं सर्रास सांगितलं जातं. त्यांनी तिथून तसं सांगितलं हे खरं, पण विमान वाहतूक नियंत्रण केंद्रात बेन स्लायनी नावाच्या अधिकाऱ्याने तो निर्णय आधीच घेतला होता आणि त्या पदावरचा त्यांचा तो पहिलाच दिवस होता! श्रेय ज्याचं त्याला द्यावं. सुमारे ४,५०० विमानं काही तासांत सुखरूप उतरली. असं त्याआधी कधीच झालं नव्हतं.

मिनेटांची खरी कसोटी लागली ती पुढच्या आठवड्यांत.

तुमच्यापैकी जे तेव्हा इथे होते त्यांना ते दिवस आठवत असतील. चार दिवसांत ॲरिझोनातल्या मेसा गावी एका शीख पेट्रोल पंपवाल्याचा खून झाला, केवळ पगडीमुळे. विमानात बसलेल्या प्रवाशांना ‘सहप्रवाशांना भीती वाटते’ म्हणून उतरवलं जात होतं. माझ्या नवऱ्याला तेव्हा दाढी होती. ऑक्टोबरात एका सकाळी तो दाढी करून बाहेर आला. त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. मीही काही विचारलं नाही.

त्या आठवड्यात मंत्रिमंडळ आणि काँग्रेसचे नेते यांची बैठक झाली. मिशिगनच्या एका काँग्रेस सदस्याने आपल्या मतदारसंघातल्या अरब अमेरिकनांना काय वाटतं आहे ते सांगितलं. तेव्हा बुश म्हणाले की १९४२मध्ये नॉर्मच्या बाबतीत जे घडलं ते आज घडू द्यायचं नाही. टेबलाशी तो माणूस प्रत्यक्ष बसलेला होता. एरवी ‘१९४२’ हा इतिहासाच्या पुस्तकातला एक आकडा असतो.

२१ सप्टेंबरला मिनेटांच्या खात्याने विमान कंपन्यांना लेखी बजावलं : वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून प्रवाशांना वेगळं काढू नका, ते बेकायदा आहे. डिसेंबरमध्ये टीव्हीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमात त्यांना विचारलं गेलं की फ्लोरिडाची सत्तर वर्षांची गोरी बाई आणि जर्सी सिटीचा मुस्लिम तरुण, दोघांची तपासणी सारखीच व्हावी का? तशी आशा आहे, असं उत्तर त्यांनी दिलं. त्यावर बरीच टीका झाली. म्हाताऱ्या आजींचे बूट तपासण्यात वेळ घालवताय, खरे संशयित सोडून देताय, वगैरे. टीका अगदीच बिनबुडाची होती असं मी म्हणणार नाही, भीती खरी होती. पण चेहऱ्यावरून ओळखण्याची पद्धत तरी कुठे उपयोगाची होती? १९९५मध्ये ओक्लाहोमात १६८ माणसं मारणारा मॅकव्हे गोरा, माजी अमेरिकन सैनिक होता. आणि २००१च्या त्याच डिसेंबरात बुटात स्फोटकं घालून विमानात चढलेला रिचर्ड रीड हा ब्रिटिश नागरिक होता, आई इंग्लिश.

इथे आपल्याच लोकांबद्दल एक अवघड गोष्ट सांगायची आहे. त्या काळात आपल्या घरगुती गप्पांत एक वाक्य फार ऐकू यायचं : “आम्ही ते नव्हे हो, आम्ही भारतीय.” कुणी गाडीवर झेंडा लावला, कुणी कपाळावरची टिकली मोठी केली, कुणी काढली. मीही हे वाक्य एकदा एका रांगेत म्हटलं आहे. १९४२मध्ये काही चिनी अमेरिकनांनी ‘मी चिनी आहे’ असे बिल्ले छातीवर लावले होते. त्यांना दोष देणं सोपं आहे, लेकरंबाळं घेऊन रस्त्यावर चालायचं असतं. पण मिनेटांच्या पत्रात ‘चुकीच्या माणसाला पकडू नका’ असं म्हटलेलं नव्हतं. वंश पाहून पकडूच नका, असं होतं. दोन्हींत फार अंतर आहे.

त्यांच्या सगळ्या कारभाराची बेरीज मात्र चोख येत नाही. नोव्हेंबर २००१मध्ये काँग्रेसने विमानतळांच्या सुरक्षेचा नवा कायदा केला. टीएसए जन्माला आली आणि वर्षभरात देशभरच्या विमानतळांवर सरकारी तपासनीस बसवायची जबाबदारी मिनेटांच्या खात्यावर आली. ती त्यांनी मुदतीत पार पाडली. पण त्या कायद्यात अट होती की तपासनीस अमेरिकन नागरिकच हवा. बे एरियाच्या विमानतळांवर हे काम करणारे बरेचसे फिलिपिनो होते आणि त्यांतले पुष्कळ जण ग्रीन कार्डवाले. त्यांच्या नोकऱ्या गेल्या. सॅन होजेच्या विमानतळाला मिनेटांचं नाव लागलं तेही २००१च्या त्याच नोव्हेंबरात. ज्या माणसाने ‘नागरिक’ हा शब्द आयुष्यभर जपला, त्याच्याच खात्याला त्या शब्दावर बोट ठेवून शेकडो स्थलांतरितांना घरी पाठवावं लागलं. अट काँग्रेसची होती, त्यांची नव्हती. पण राबवली त्यांच्या खात्याने.

शिवाय त्यांचा अधिकार वाहतूक खात्यापुरता. २००२मध्ये त्याच सरकारच्या न्याय खात्याने २५ देशांतून आलेल्या, व्हिसावर असलेल्या पुरुषांना सरकारी कचेरीत जाऊन नोंदणी करायला लावली. त्यातले एक सोडून सगळे देश मुस्लिमबहुल होते. ऐंशी हजारांहून जास्त लोकांनी नोंदणी केली, हजारोंवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. पाकिस्तान आणि बांगलादेश यादीत होते. भारत नव्हता, म्हणून आपल्याकडे त्याची फारशी आठवण नाही. शेजारच्या एखाद्या बांगलादेशी कुटुंबाला विचारून पाहा.

मिनेटा जुलै २००६पर्यंत मंत्री राहिले. इतका काळ वाहतूकमंत्री दुसरं कुणी राहिलेलं नाही. त्याच वर्षी त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळालं. ३ मे २०२२ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मेरीलँडमध्ये त्यांचं निधन झालं.

आता शेवटी एक कामाची माहिती, कारण या विषयावर बोलणार म्हटल्यावर तिघा-चौघांनी फोन करून तेच विचारलं. विमान कंपनीने वंश, रंग, धर्म, मूळ देश किंवा लिंग यांवरून भेदभाव करायचा नाही, असं केंद्रीय कायदा सांगतो. हे कलम २०००मध्ये आलं. त्यात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. म्हणजे पर्यटक व्हिसावर आलेल्या तुमच्या आईलाही ते लागू आहे. असा प्रसंग आलाच तर तारीख, विमानाचा क्रमांक, कर्मचाऱ्याचं नाव आणि काय बोलणं झालं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. तक्रार विमान कंपनीबद्दल असेल तर ती वाहतूक खात्याच्या वेबसाइटवर करता येते, वकील लागत नाही. सुरक्षा तपासणीबद्दल असेल तर मात्र टीएसएकडे करायची, कारण २००३पासून ती गृहसुरक्षा खात्यात गेली आहे. बरेच जण इथेच घोटाळा करतात आणि तक्रार भलत्या खात्यात पडून राहते.

भेटू पुढच्या रविवारी, याच वेळी.